तोंडी आदेश

१२ एप्रिल

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायला पेन तयार होत नाही, तेव्हा नुसतंच दादा. पत्र घरी न पाठवता गोदामावर पाठवतेय, वहिनींच्या हाती पडायला नको म्हणून. खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली चार दिवसांपूर्वी सकाळी साडेअकराला माझ्या टेबलावर येऊन पडली. जावक क्रमांक नाही, तारीख खोडलेली, आणि खाली तुझी ती लांबलचक सही. देयक बावीस लाख चाळीस हजारांचं.

निवडणूक खर्च शाखेत मी परत आलेय हे तुला माहीत होतं. तरी निविदा भरलीस, आणि सगळ्यांत कमी दरही तुझेच निघाले. मी लगेच साहेबांना लेखी कळवलं. 'मंडप पुरवठादार हा माझा सख्खा भाऊ आहे. संबंध : नाहीत.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हसले. म्हणाले, "बाई, बिलं तुम्हीच तपासा. तुमच्याइतक्या खुन्नशीने दुसरं कोण तपासणार?" माणसाला माणसाची पारख असते म्हणतात ती अशी.

तर तपासलं. मुलींच्या शाळेतल्या केंद्रावर तू वीस बाय तीसचा मंडप लावलाय. निदान तसं लिहिलंयस. मी केंद्राचा फोटो मागवला आणि अंगणातल्या फरशा मोजल्या. अठरा बाय तीस निघाला. दोन फूट कापले. चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतरणी 'नवीन' म्हणून लावल्यास, त्यांतल्या दोन उतरणींवर मागच्या निवडणुकीचा हिरवा रंग तसाच आहे. त्या जुन्या दराने धरल्या. तीनशे खुर्च्यांतल्या अकरा मोडक्या होत्या, त्यांचं भाडं नाही. मंडपांच्या तेरा लाख ऐंशी हजारांतले चव्वेचाळीस हजार उडवले. दोन दिवस लागले, पण इतक्या आवडीने मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. घरी आले तर मुलगी म्हणाली, "आई, आज गुणगुणतेयस चक्क."

आणि मग शेवटची नोंद. 'मतमोजणी सभागृह, लोखंडी जाळी, छतापर्यंत, दोन्ही बाजूंनी, मजुरीसह : आठ लाख साठ हजार.' ही जाळी निविदेत नव्हती. निविदेबाहेरच्या कामाला आधी लेखी आदेश लागतो, हे मंडपाच्या धंद्यात केस पिकलेल्या माणसाला मी शिकवायला नको. मी फाईल तीन वेळा उलटीसुलटी करून पाहिली. आदेश नाही. लाल शाईने लिहिलं, 'आदेश नाही. अमान्य.'

मग शाई वाळेपर्यंत बघत बसले.

लहानपणी गोट्यांचा हिशेब ठेवायचे म्हणून तू मला जे म्हणायचास, तीच,
मुनीम


१९ एप्रिल

दादा,

काल वहिनी ऑफिसात आल्या. तू पाठवलं नव्हतंस, हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नाहीत. आपल्या घरात खोटं कुणाला जमतं ते दोघांनाही ठाऊक आहे.

खुर्ची दिली तर टोकावर बसल्या. मी पाणी मागवलं. म्हणाल्या, "वन्सं, पाणी नको. मला फक्त एवढंच सांगा, कुठला कागद आणायचा?"

"जाळीच्या कामाचा लेखी आदेश."

"तो कुणाकडे मिळेल?"

"ज्याने काम सांगितलं त्याच्याकडे."

"कुणी सांगितलं ते हे बोलतच नाहीत. ऑफिसातून फोन होता, एवढंच. मी विचारलं, बाईचा की बुवाचा? तर उठून हातपाय धुवायला गेले."

मी कपाटातली एक फाईल काढली आणि परत ठेवली. उगाचच. वहिनी सांगत होत्या की लोखंडवाल्याचा माणूस रोज सकाळी दारात येऊन बसतो. वेल्डरांची मजुरी तू उसनवारी करून चुकती केलीस, पण लोखंडाच्या उधारीपायी गोदामाचे कागद गहाण पडलेत, मे अखेरची मुदत आहे. आठ लाख साठ हजार आले नाहीत तर गोदाम जाणार. मी म्हटलं, "वहिनी, नियमापुढे माझं काय चालणार?" हे वाक्य मी पस्तीस वर्षं लोकांना ऐकवत आलेय. इतकं गोड ते कधी लागलं नव्हतं.

त्या गेल्या. जिन्यात थांबून पदराने चष्मा पुसत होत्या. वरून मला दिसत होतं.

आता इथे आपण दोघंच आहोत, तर बोलते. फोन मी केला होता.

मोजणीच्या आदल्या दिवशी चार वाजता निरीक्षक सभागृहात आले. टेबलांपुढे चार फुटांची जाळी होती. त्यांनी जाळीवरून हात घातला, सरळ टेबलावर मतपत्रिकांच्या जागी ठेवलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाले, "हे असं चालणार असेल तर उद्या मोजणी होणार नाही." साहेब कुठल्याशा बैठकीला निघाले होते. गाडीतूनच फोनवर म्हणाले, "करून घ्या हो बाई, कागद मागाहून बघू." आणि फोन बंद. उंटावरून शेळ्या हाकायला गाडीच लागते असं नाही, पण सोय होते. एवढी जाळी आणि वेल्डर गावात एकाच गोदामात होते.

तुझा नंबर शोधावा लागला नाही. मी म्हटलं, "निवडणूक शाखेतून बोलतेय." तू म्हणालास, "बोल." मी म्हटलं, "सभागृहात जाळी छतापर्यंत हवी. उद्या सातच्या आत." तू विचारलंस, "किती फूट?" "चौदा." "बरं."

पाच वर्षांत आपण एवढंच बोललो. सकाळी पावणेसातला मी सभागृहात पाय ठेवला तर जाळी उभी होती, दोन्ही बाजूंनी, एक तार लोंबत नव्हती. निरीक्षकांनी हलवून पाहिली आणि मान डोलावली. मोजणी वेळेवर सुरू झाली. तू मागच्या दाराने निघून गेला होतास.

तू कागद मागितला नाहीस. इतका मुरलेला पुरवठादार, आणि साधी चिठ्ठी मागितली नाहीस. बहिणीचा आवाज ऐकून विरघळलास की काय? विरघळायचं नाही, दादा. मी एकदा विरघळले होते.

तेव्हाही निवडणूकच होती. मतदान संपलं की केंद्रावरची माणसं पेट्या जमा करून जी पांगतात ती सहीला सापडत नाहीत, म्हणून 'काम पूर्ण' असे दाखले आम्ही आदल्या दिवशीच सह्या करून ठेवतो. चूक आहे, पण सगळीकडे तसंच चालतं. मी तुला साठ कोरे दाखले सह्या करून दिले. दुसऱ्या पुरवठादाराला दिले असते तर मोजून परत घेतले असते. तू मंडप उभारलेस एकेचाळीस आणि दाखले भरलेस साठ. एका मुख्याध्यापिकेने लिहून कळवलं, 'आमच्या शाळेत मंडप नव्हता, मतदार उन्हात उभे होते', आणि सगळं बाहेर आलं. चौकशीत तू काय म्हणालास ते मला तोंडपाठ आहे. "दाखले बहिणीने भरून दिले. मी फक्त बिलाला जोडले."

मी अकरा महिने निलंबित होते. एकोणीस मंडपांचे पैसे तीन वर्षं माझ्या पगारातून कापले गेले. ते मी कदाचित गिळलंही असतं. पण आई तुझ्याकडे होती, आणि ती विचारायची, ही का येत नाही. तू तिला सांगितलंस, "तिने सरकारी पैशाला हात लावलाय, कुठल्या तोंडाने येईल?" शेवटच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला कळवलं म्हणून मी आले. आईला बोलवत नव्हतं. माझं मनगट धरून म्हणाली, "परत करून टाक गं."

तू दारात उभा होतास. ऐकलंस, आणि गप्प राहिलास.

आता तू लेखी आदेश आण.

मुनीम


२८ एप्रिल

दादा,

काल लेखापरीक्षणवाले आले. तिघं. त्यांतले मोठे अगदी किडकिडीत आहेत, बोलतात हळू, आणि कागदावरून नजर उचलत नाहीत. त्यांनी विचारलं, "जाळी झाली, वापरली गेली, फोटो आहेत. मग सांगितली कुणी?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती." इतक्या सहज म्हणाले की मला क्षणभर तुझीच आठवण झाली.

नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, तुमची निवृत्ती तीस जूनला. मंजुरी नसताना तोंडी आदेश देणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पेन्शनला हात लागेल. तेव्हा काय लिहायचं ते विचार करून लिहा."

मी विचार केला नाही. लागलाच नाही. तिथेच बसून लिहिलं, 'सदर कामाचा कोणताही आदेश मी दिलेला नाही', आणि सही केली.

भ्यायले म्हणून लिहिलं असं समजू नकोस. थोडी भ्यायले, खोटं कशाला बोलू, पण ते नंतर, घरी आल्यावर. लिहिताना मला फक्त तुझा चेहरा दिसत होता.

सहा मेला सुनावणी आहे. तुलाही नोटीस येईल. तू उभा राहशील आणि ओरडशील, "ही खोटं बोलतेय, हिनेच फोन केला होता." ओरडच. मला तेच ऐकायचंय. मग किडकिडीत साहेब विचारतील, "पुरावा?" फोन ऑफिसातल्या सामाईक नंबरावरून केला होता, त्यावरून दिवसाला शंभर फोन जातात. तू इकडेतिकडे बघशील. खरं बोलत असताना कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा कसं वाटतं, ते तुला कळेल. आणि मग मी शांतपणे म्हणेन, "पुरवठादाराने आपणहून काम केलं. बिल फक्त माझ्याकडे आलं." तुझंच वाक्य, थोडं फिरवून.

निळी साडी काढून ठेवली आहे. मागच्या चौकशीला तीच नेसले होते. तेव्हा घामाने पाठीला चिकटली होती.

मुनीम


६ मे

दादा,

तू काय केलंस हे?

सकाळपासून मी एकेक वाक्य घोटून आले होते. तू आलास, शेवटच्या खुर्चीवर बसलास. केस पार पांढरे झालेत तुझे, डावा पाय ओढत चालतोस. मी म्हटलं बघायचं नाही, तरी पाहिलं. किडकिडीत साहेबांनी माझा जबाब वाचला आणि तुला विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे?"

तू म्हणालास, "हो."

मी मान वर केली. तू माझ्याकडे बघत नव्हतास.

"मग तुम्हाला काम सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. टेबलं पोचवायला गेलो होतो. जाळी तोकडी वाटली, म्हणून केली."

मागे कुणीतरी हसलं. किडकिडीत साहेबांनीही पेन खाली ठेवलं. "आठ लाख साठ हजारांचं काम? कुणी न सांगता?"

"चूक झाली."

"घरी तर तुम्ही ऑफिसातून फोन आला म्हणून सांगितलंत. तुमच्या पत्नीचा अर्ज आहे इथे."

"बायकोला काहीतरी सांगावं लागतं, साहेब."

पुन्हा हशा. माझे साहेब तर खो खो हसत होते, त्यांचंही ओझं उतरलं ना. दहा मिनिटांत निकाल. जाळीचं देयक नामंजूर. शिवाय परवानगीवाचून सरकारी सभागृहात काम केलं म्हणून तुझं नाव यादीतून काढायची शिफारस. म्हणजे पुढची निवडणूक नाही, कुठलंच सरकारी काम नाही. तू 'बरं' म्हणालास. त्या दिवशी फोनवर म्हणालास अगदी तसंच.

मला जे हवं होतं ते सगळं झालं, दादा. जास्तच झालं. आणि मला हातातला जबाब टराटरा फाडावासा वाटत होता.

मी तुझ्यामागून खाली आले. तू नळाजवळ ओंजळीने पाणी पीत होतास. मी म्हटलं, "ओरडला का नाहीस?" तू तोंड पुसलंस. म्हणालास, "तुझी पेन्शन आहे. माझं काय, गोदाम गेलं तर गेलं." आणि मग, निघता निघता, "झालं ना आता?"

झालं ना आता!

  तुला काय वाटलं, हा सौदा आहे? तू अकरा महिने, तीन वर्षांचा पगार आणि आई घेतलीस, आणि आता आठ लाख साठ हजार आणि एक गोदाम टेबलावर ठेवून म्हणतोस झालं? हा दर कुठल्या निविदेत काढलास? मी पाच वर्षं जे जपलं ते तू नळावर हात धुतल्यासारखं धुऊन निघालास. वर उपकारही करून गेलास. मी आता जन्मभर तुझ्या उपकारावर मिळालेली पेन्शन खायची, आणि लोकांनी म्हणायचं, भाऊ असावा तर असा. चोर तो चोर, आता दानशूरही झाला.

तुला खरंच फेडायचं होतं तर एक वाक्य बोलायचं होतंस. तिथेच, त्याच खोलीत. "पाच वर्षांपूर्वी दाखले मी भरले होते." तेवढं सोडून सगळं दिलंस. तेवढंच जड होतं ना?

रात्री झोप येणार नाही हे आत्ताच दिसतंय. मुलगी जेवायला हाका मारतेय.

मी


२७ मे

दादा,

हे शेवटचं. सात तारखेला सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी किडकिडीत साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांना चार ओळी लिहून दिल्या. फोन मी केला. चौदा फूट मी सांगितलं. आधीचा जबाब खोटा होता, आणि तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं. साहेब गाडीतून काय म्हणाले तेही लिहिलं. किडकिडीत साहेबांनी पहिल्यांदाच कागदावरून नजर उचलली. विचारलं, "कुणाच्या दबावाखाली लिहिताय का? पुरवठादार भाऊ आहे म्हणे."

मी म्हटलं, "त्याच्यासाठी लिहायचं असतं तर पहिल्याच दिवशी लिहिलं असतं."

त्यांना ते पटलं. विश्वास बसायला माणसाचा राग दिसावा लागतो.

मग जे व्हायचं ते झालं. काम खरं, वापर खरा, आदेश तोंडी का होईना पण अधिकृत खुर्चीवरून गेलेला, म्हणून काम झाल्यावरची मंजुरी काल आली. आठ लाख साठ हजार पूर्ण. यादीतलं तुझं नावही राहिलं. मंडपांचे चव्वेचाळीस हजार मात्र कापलेलेच राहतील, ते मी बरोबर कापलेत. साहेबांची बदली झाली. माझ्या पेन्शनचा चौथा हिस्सा पाच वर्षं रोखायचं ठरतंय, खोट्या जबाबासाठी. आदेशासाठी फक्त ताकीद. गंमत आहे. खरं लगेच सांगितलं असतं तर नुसत्या ताकिदीवर सुटले असते.

मुलगी म्हणते, "मग मामाला माफ केलंस?" मी तिला म्हटलं, भाजी निवड.

तुलाही तोच भ्रम व्हायला नको, म्हणून लिहितेय. मी तुला माफ केलेलं नाही. तू जे द्यायला निघाला होतास ते मी परत केलंय, एवढंच. गोदाम तुझं तुला लखलाभ. तुझ्याकडे माझं काहीच येणं राहिलेलं नाही असं तुला म्हणता येऊ नये, यासाठी मी पेन्शनचा चौथा हिस्सा मोजला आणि मला तो स्वस्त वाटला. आता तुझं मन तुला जेवढं खाईल तेवढं खाऊ दे. मला ठाऊक आहे, तुला धड झोप लागत नाही. वहिनी बोलल्या.

धनादेश मंगळवारी वाटायचे आहेत, अकरा ते एक, तळमजल्यावरच्या खिडकीत. तीस जूनपर्यंत खिडकी माझ्याकडेच आहे. पुरवठादाराने स्वतः यावं लागतं. वहिनींना किंवा कामगाराला पाठवलंस तर परत पाठवीन. ओळखपत्र आण, मी तुला ओळखत नाही.

त्या दिवशी खुर्चीवाला, गाडीवाला, छापखानेवाला, सगळे असतील. रांगेत उभा राहा. पाय दुखला तरी पुढे घुसू नकोस. तुझी पाळी आली की मी देयकाच्या नंबराने हाक मारीन.